मऊ गवती धावपट्टीवर उड्डाणाच्या वेळी झालेला शेती-विमानाचा अपघात : भार नेमका कधी ठरायला हवा?

रानवारा (धागालेखक)

खत आणि औषध टाकणाऱ्या विमानांच्या पथकात जमिनीवरची व्यवस्था पाहण्याचे काम मी बराच काळ केले आहे. अशा एका पथकातील विमान गवती धावपट्टीवरून उड्डाण घेताना उलटले तेव्हा मी तेथे उपस्थित होतो. वैमानिकाचे खांद्याच्या अस्थिभंगावर निभावले. विमान मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेले. त्या घटनेविषयी नंतर जे बोलले गेले त्यात ‘वैमानिकाने भार सोडायला (म्हणजे टाकीतील माल कळ ओढून खाली टाकायला) उशीर केला’ हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे असे माझे ठाम मत असल्यामुळे हा धागा काढत आहे.

घडले ते असे. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी ऊन आणि वारा दोन्ही असल्याने गवताची पाती लवकर वाळली आणि पट्टी वरवर पाहणाऱ्याला वापरण्याजोगी वाटू लागली. सुरुवातीच्या फेऱ्या अर्ध्याहून थोड्या अधिक भाराने झाल्या व विमान सहज उचलले गेले. त्यानंतर इंधन भरण्यात आले आणि त्याच वेळी, आधीच्या फेऱ्या नीट पार पडल्या या भरवशावर, खताची टाकीही काठोकाठ भरण्यात आली. पट्टीच्या मध्यावर एव्हाना चाकोऱ्या पडल्या होत्या, म्हणून वैमानिकाने त्या टाळून काही मीटर डावीकडून, जिथे आधी कोणतेही चाक फिरले नव्हते अशा भागातून धाव घेतली. मध्याच्या थोडे पुढे डावे चाक रुतले आणि नाक डावीकडे ओढले गेले. उजवा रडर (शेपटीवरचे दिशा वळवणारे सुकाणू) देऊन त्याने दिशा सावरली, पण वेग वाढायचा थांबला होता. पट्टी संपत आली असताना भार सोडला गेला, विमान नाक वर करून जमिनीपासून सुटले, काही क्षण तरंगले, पुन्हा खाली बसले आणि पट्टीपलीकडच्या बांधाला चाके अडकून पाठीवर पडले.

त्या उड्डाणाचा निकाल माझ्या मते टाकी भरली जात असतानाच लागला होता. धावेत जे झाले ते त्याचे फलित होते. जाणकारांनी हे मत तपासून पाहावे, ही विनंती.

मृद्गंध

मी मृदा अभियांत्रिकीत काम करतो, त्यामुळे विमानापेक्षा चाकाखालच्या जमिनीविषयी अधिक खात्रीने बोलू शकेन.

गवताचे पाते कोरडे असणे आणि जमीन वाफशावर असणे यांचा परस्परांशी फारच थोडा संबंध असतो. ऊन आणि वारा पृष्ठभाग तासाभरात वाळवतात, परंतु मुळांच्या जाळ्याखालचा थर, विशेषतः तो चिकणमातीचा असेल तर, एक-दोन दिवस पाणी धरून राहतो. हलक्या विमानाचा भार गवताच्या मुळांचे जाळेच पेलून धरते. भार वाढला की ते जाळे फाटते आणि चाक एकदम खालच्या मऊ थरावर येते. त्यामुळे हलक्या भाराच्या फेऱ्या यशस्वी झाल्या, यावरून जड भाराच्या फेरीविषयी काहीही सिद्ध होत नाही.

चाक रुतते तेव्हा त्याच्या पुढे मातीचा लहानसा चढ तयार होतो आणि चाकाला तो सतत चढत राहावे लागते. हा विरोध आम्ही चाकावरील वजनाच्या प्रमाणात मोजतो. कठीण फरसबंद पृष्ठभागावर हे गुणोत्तर साधारणतः ०.०२ ते ०.०३ असते, घट्ट जमिनीवरील आखूड गवतावर ०.०५ च्या आसपास, आणि मऊ जमिनीवर ०.१ पासून ०.३ पर्यंतही जाते. दुसरी बाब टायरमधील हवेच्या दाबाची. चाक जमिनीवर जो दाब टाकते तो ढोबळमानाने टायरमधील दाबाइतकाच असतो, म्हणूनच कच्च्या पट्ट्यांसाठी रुंद आणि कमी दाबाचे टायर वापरतात.

वैमानिकाने चाकोरी टाळली, ही कृती समजण्यासारखी आहे. वाळूमिश्रित जमीन वारंवार चाक फिरल्याने दबून घट्ट होऊ शकते, तर ओली चिकणमाती मळली जाऊन उलट अधिक दुबळी होते. जमीन कोणत्या जातीची आहे हे माहीत असल्याखेरीज चाकोरीत राहावे की बाजूने जावे, हे केवळ पाहून ठरवता येणार नाही. लष्करी विमानांसाठी कच्च्या धावपट्ट्या तपासताना टोकदार शंकू जमिनीत ठोकून, किती ठोक्यांना तो किती खोल जातो हे मोजण्याची पद्धत आहे. उपकरण साधे आहे आणि शेती-विमानांच्या पथकांनीही ते बाळगायला हरकत नसावी.

शेपटाचे_चाक

मी शेती-विमाने चालवली आहेत. रानवारा यांच्या मताशी मी सहमत आहे, पण ते भावनेवर न ठेवता आकड्यांवर ठेवले तर अधिक पटेल.

उदाहरणादाखल असे विमान घेऊ, ज्याचे उड्डाणाचे एकूण वजन ४,००० किलो आहे, प्रोपेलरचा रेटा धावेत सरासरी १० किलोन्यूटन आहे आणि जमीन सोडण्याचा वेग सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर आहे. सोपेपणासाठी हवेचा विरोध आणि धावेत पंखांनी हलके केलेले वजन बाजूला ठेवू. मृद्गंध यांनी दिलेले ०.०३ हे गुणोत्तर धरले तर धाव सुमारे २९५ मीटरची होते. ०.१ धरले तर ती ४२५ मीटरच्या आसपास जाते. ०.२ धरले तर मात्र ती १,२०० मीटर होते. विरोध दुप्पट झाला आणि अंतर जवळजवळ तिप्पट, कारण विमानाला वेग देतो तो रेट्यातून विरोध वजा जाता उरलेला भाग, आणि तो उरलेला भागच येथे आटून गेला आहे.

आता याच मऊ जमिनीवर ६०० किलो भार कमी करा. वजन ३,४०० किलो झाले की चाकाचा विरोध घटतो, तेवढ्याच रेट्याने वेग लवकर वाढतो आणि जमीन सोडण्याचा वेगही सेकंदाला सुमारे ३३ मीटरवर येतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात आणि धाव १,२०० वरून ५६० मीटरच्या आसपास येते. वजनात १५ टक्के कपात आणि अंतरात निम्म्याहून अधिक! प्रत्यक्षातले आकडे यापेक्षा वेगळे असतील, पण कल हाच राहील. धाव सुरू झाल्यानंतर वैमानिकाच्या हातातील कोणतेही कौशल्य एवढा फरक पाडू शकत नाही. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) योग्य ठेवणे, चाक थांबू न देता वळणातूनच धाव सुरू करणे, शेपूट किंचित खाली ठेवून पंखांना लवकर वजन उचलू देणे, हे सर्व करावेच, पण त्याने मिळणारा लाभ काही दशक मीटरांचा असतो.

इंधनाविषयीचे निरीक्षणही महत्त्वाचे आहे. दिवसभरात विमान अनेकदा उडते, परंतु प्रत्येक फेरीला इंधन भरले जात नाही. इंधन भरल्यानंतरची पहिली फेरी ही त्या गटातील सर्वांत जड फेरी असते, आणि खताच्या टाकीतील पातळी नेहमीचीच ठेवली तर वाढलेले वजन कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. इंधन भरले की खत तेवढे कमी, हा नियम लोडर (विमानात खत भरणारी गाडी) चालवणाऱ्यालाही पाठ असायला हवा.

निळीवाट

मी छंद म्हणून लहान विमान चालवते. आम्हांला ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या मार्गदर्शक पत्रिकेतील गुणक शिकवले जातात : कोरड्या गवतासाठी उड्डाणाचे अंतर १.२ पट, ओल्या गवतासाठी १.३ पट, मऊ जमिनीसाठी १.२५ पट किंवा अधिक, वजन १० टक्क्यांनी वाढले तर १.२ पट, तापमान १० अंशांनी वाढले तर १.१ पट. हे गुणक एकमेकांना गुणायचे असतात आणि शेवटी सुरक्षिततेसाठी आणखी १.३३ ने गुणण्याची शिफारस आहे. ओले गवत, मऊ जमीन, १० अंशांची उष्णता आणि १० टक्के वाढीव वजन एवढे एकत्र आले तरी अंतर दुपटीच्या पुढे जाते, आणि सुरक्षिततेचा गुणक धरला तर जवळजवळ २.८५ पट होते. शेती-विमानांना हे लागू करता येत नाही का?

शेपटाचे_चाक

निळीवाट, लागू करता येतात, परंतु दोन अडचणी आहेत. गुणक ज्या मूळ अंतराला लावायचे ते अंतर आधी हाती असावे लागते, आणि शेती-विमानांच्या पुस्तिकांत प्रवासी विमानांसारखे सविस्तर तक्ते नेहमी मिळत नाहीत. शिवाय मऊ जमिनीच्या गुणकापुढील ‘किंवा अधिक’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. वरच्या हिशेबात आपण पाहिलेच की खरोखर मऊ जमिनीवर तो गुणक दोन, तीन किंवा चारही असू शकतो. १.२५ हा आकडा मनात धरून बसणे येथे धोक्याचे आहे.

पानगळ

एक प्रश्न विचारतो. शेती-विमानाला तर संपूर्ण भार क्षणात सोडून देण्याची सोय असते. मग पट्टी मऊ निघाली तरी वैमानिकाने कळ ओढली की प्रश्न मिटायला हवा. ही सोय असताना एवढी चिंता कशासाठी?

शेपटाचे_चाक

आपला प्रश्न अगदी योग्य आहे, आणि याच समजुतीपोटी टाक्या काठोकाठ भरल्या जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

भार क्षणात सुटत नाही. न्यूझीलंडच्या नागरी विमान वाहतूक नियमावलीच्या १३७व्या भागात, वैमानिकाने कृती केल्यापासून ५ सेकंदांत टाकीच्या कमाल भारापैकी किमान ८० टक्के भार बाहेर पडला पाहिजे अशी अट आहे, आणि ती कडक मानली जाते. अमेरिकेच्या नियमांत दाट वस्तीवर काम करणाऱ्या विमानासाठी ४५ सेकंदांत निम्मा भार सोडता यावा एवढीच अपेक्षा आहे, कारण तेथे हवेतील प्रसंग विचारात घेतला आहे. सेकंदाला ३० मीटर वेगाने धावणारे विमान ५ सेकंदांत १५० मीटर पुढे जाते. त्यात वैमानिकाला परिस्थिती उमगण्याचा आणि हात कळीपर्यंत जाण्याचा वेळ मिळवा. पट्टीच्या शेवटच्या १०० मीटरमध्ये कळ ओढली तर भाराचा मोठा भाग पट्टी संपल्यानंतरच बाहेर पडतो.

त्यानंतरची गोष्ट अधिक घातक आहे. बहुतेक शेती-विमानांत भार सोडताच नाक वर उसळते आणि ते दाबून धरण्यासाठी नियंत्रणाचा दांडा जोराने पुढे ढकलावा लागतो. समोर बांध दिसत असताना दांडा पुढे ढकलणे मनाच्या विरुद्ध जाते. नाक वर राहिले तर विमान अपुऱ्या वेगात जमीन सोडते. जमिनीलगत, पंखांच्या एकूण लांबीच्या दहाव्या हिश्शाइतक्या उंचीवर, उचल निर्माण करताना होणारा विरोध जवळजवळ निम्मा झालेला असतो, म्हणून विमान तेथे तरंगते. पाव लांबीइतक्या उंचीवर गेले की ही सवलत पाव हिश्शावर येते, आणि पूर्ण लांबीइतक्या उंचीवर ती संपल्यातच जमा असते. रानवारा यांनी वर्णन केलेले ‘सुटले, तरंगले, पुन्हा बसले’ हे नेमके हेच आहे. विमान हलके झाले होते, पण त्याला वेग मिळालेला नव्हता.

त्यामुळे भार सोडण्याची जागा आधीच ठरलेली असावी लागते. पट्टीच्या निम्म्या अंतरावर, जमीन सोडण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग मिळाला नसेल तर उड्डाण सोडून द्यावे, असा एक प्रचलित नियम आहे. वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि ०.७ चा वर्ग सुमारे ०.४९ येतो, एवढाच त्याचा आधार आहे. मऊ गवतावर मात्र मी तो जसाच्या तसा वापरत नाही. पट्टीचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा मऊ असेल तर निम्म्यावरचा वेग फसवा ठरतो, आणि ओल्या गवतावर ब्रेकही नीट लागत नाहीत. म्हणून निर्णयाची खूण मी निम्म्याच्या बऱ्याच अलीकडे, रंगीत निशाण लावून ठेवत असे, आणि त्या निशाणापाशी ठरलेला वेग नसेल तर विचार न करता भार सोडून रेटा बंद करत असे.

रानवारा

यात एक भर घालतो, कारण ही बाब लोडरपाशी उभे राहणाऱ्यालाच अधिक दिसते. वर उल्लेखलेली वेळ ही माल मोकळा वाहत असेल तरची आहे. द्रव औषध वाहते. भुकटीचे खत, विशेषतः ओल लागलेले सुपरफॉस्फेट किंवा चुना, टाकीत गठ्ठा धरतो आणि दार उघडले तरी कमानीसारखा अडकून राहतो. पावसाळी हवेत, जेव्हा पट्टी मऊ असते, नेमके तेव्हाच खतही ओलसर असण्याची शक्यता सर्वाधिक. म्हणजे ज्या दिवशी भार सोडण्याची सोय सर्वांत जास्त लागेल, त्याच दिवशी ती दगा देण्याचा संभव अधिक असतो. उघड्यावर राहिलेला ढीग वापरू नये, गठ्ठे चाळून काढावेत, आणि दिवसाच्या पहिल्या फेरीत हवेत असताना थोडा माल दार पूर्ण उघडून सोडून पाहावा, असे मी आग्रहाने सांगतो.

दुसरी बाब भरणीच्या जागेची. विमान रोज त्याच टोकाला वळते, लोडरची जड गाडी तेथेच पुढेमागे होते, पाणी आणि औषध तेथेच सांडते. परिणामी धावेची सुरुवात पट्टीतील सर्वांत मऊ जागेतून होते. पहिल्या ५० मीटरमध्ये वाया गेलेला वेग पुढे भरून निघत नाही. भरणीची जागा दिवसातून एकदा तरी थोडी सरकवणे अवघड नाही.

पडताळणी

मी अपघात-तपासाच्या कामात सहभागी असतो. अशा अपघातात विमानापेक्षा जमीन अधिक बोलते, पण ती फार काळ बोलत नाही. पुढचा पाऊस किंवा मदतीसाठी आलेल्या गाड्या पुरावा पुसून टाकतात. म्हणून जखमींना हलवल्यानंतर सर्वप्रथम चाकांच्या खुणा मोजाव्यात. त्यांची खोली कुठे वाढते, कुठे कमी होते, डाव्या-उजव्या खुणांत किती फरक आहे, खूण तुटक कुठे होते, यावरून पंखांनी वजन उचलायला कधी सुरुवात केली हे कळते. खताचा सांडलेला पट्टा कुठून सुरू होतो, हे दिसले की कळ कधी ओढली त्याविषयी तर्क लढवावा लागत नाही.

प्रोपेलरची पाती जमिनीला लागली असतील तर त्यांच्या ओरखड्यांमधील अंतरही मोलाचे असते. तीन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला २,२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ११० ओरखडे उमटतात. दोन ओरखड्यांत २७ सेंटिमीटर अंतर असेल, तर त्या क्षणी विमानाचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर होता असे निघते. इंजिनाने पूर्ण शक्ती दिली नसावी, असा संशय अशा अपघातांत हमखास घेतला जातो. तो तपासायलाही हेच ओरखडे उपयोगी पडतात.

रानवारा यांच्या मूळ मुद्द्याबाबत : तपासात वैमानिकाच्या अखेरच्या काही सेकंदांवर जितका वेळ खर्च होतो, तितकाच भार कोणी ठरवला, त्याचे वजन झाले होते की डोळ्यांनी अदमास घेतला होता, आणि पट्टीवरून त्या सकाळी कोणी पायी चालले होते का, या प्रश्नांवर व्हायला हवा. मोबदला हेक्टरी मिळत असेल तर कमी भाराची फेरी म्हणजे थेट नुकसान, आणि तो दाब वैमानिक एकट्याने पेलू शकत नाही. आजच्या पट्टीवर एवढ्याहून जास्त भरायचे नाही, हे पथकप्रमुखाने सकाळी लिहून द्यावे आणि वैमानिकाला ते आणखी कमी करण्याचा अधिकार असावा, वाढवण्याचा नसावा.

निळीवाट

विमान पाठीवर पडूनही वैमानिक वाचला, हे मला विशेष वाटले. ही विमाने त्या दृष्टीने बांधलेली असतात का?

पडताळणी

होय. १९५० मध्ये अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी टेक्सासमधील कृषी महाविद्यालयात एजी-१ हे केवळ शेतीकामासाठीचे विमान घडवले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच मांडणीचा पाया धरला. पुढे इंजिन, मग मालाची टाकी आणि त्यामागे उंचावर वैमानिक, म्हणजे आघात झाला तर पुढचा सांगाडा चेपत जाऊन धक्का शोषून घेतो आणि जड माल पाठीमागून वैमानिकावर येत नाही. उलटल्यावर डोके वाचवणारी मजबूत चौकट, खांद्यांवरून येणारे पट्टे आणि शिरस्त्राण यांमुळे कमी वेगाच्या अपघातांत जीव वाचतात. पट्टे सैल असतील तर मात्र यातले काहीच उपयोगी पडत नाही.

मदतीला धावणाऱ्यांनी टाकीत काय होते हे आधी विचारावे. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशक असेल तर जखमीचे भिजलेले कपडे काढणे आणि अंग भरपूर पाण्याने धुणे हे पहिल्या काही मिनिटांत व्हायला हवे, आणि उपचार करणाऱ्यांना औषधाचे नाव सांगायला हवे. त्या मालाचे माहितीपत्रक विमानात नव्हे, तर भरणीच्या गाडीत ठेवलेले असावे.

मृद्गंध

पट्टीवरून पायी चालण्याचा उल्लेख झाला म्हणून एवढेच जोडतो की, चालणाऱ्या माणसाचा पाय जमिनीवर जो दाब टाकतो तो टायरच्या दाबापेक्षा पुष्कळ कमी असतो. पाय रुतला तर पट्टी निश्चितच निकामी आहे, पण पाय रुतला नाही म्हणून ती योग्य ठरत नाही. भरलेली लोडरची गाडी पट्टीच्या कडेकडेने, दोन्ही बाजूंनी, शेवटपर्यंत सावकाश नेऊन तिच्या चाकोरीची खोली जागोजागी मोजणे ही अधिक विश्वासार्ह चाचणी आहे. मधला भाग त्यासाठी वापरू नये, नाहीतर चाचणीच पट्टी बिघडवेल. पाऊस झाला असेल तर ती दुपारी पुन्हा करावी, कारण उताराच्या पट्टीवर वरचे टोक वाळत असताना पाणी झिरपून खालचे टोक सकाळपेक्षा अधिक मऊ झालेले असू शकते, आणि उताराच्या दिशेने उड्डाण घेणाऱ्या विमानाचा सर्वाधिक वेग नेमका तेथेच असतो.

रानवारा

मृद्गंध, त्या पट्टीलाही उतार होता आणि उड्डाण खालच्या दिशेनेच होते. डावे चाक रुतले ती जागा खालच्या अर्ध्या भागात होती. गाडीची चाचणी आणि शेपटाचे_चाक यांनी सांगितलेले निशाण, या दोन्ही गोष्टी मी पथकाच्या सकाळच्या तपासणीच्या यादीत लिहून घेत आहे. इंधन भरल्यानंतर खताची पातळी किती खाली ठेवायची, याच्या रेघा आता टाकीच्या काचेवरच रंगवून घेणार आहोत.